दोघींचा दस्ता

४ नोव्हेंबर, मंगळवार

जी बंदूक मी वापरणार आणि जिला मला हरवायचं आहे तीही वापरणार, ती बंदूक कुणाच्या सोयीनं निवडायची? दिवसभर हाच प्रश्न डोक्यात आहे. उत्तर येत नाही. येत नाही तर नाही — निदान लिहून ठेवते.

झालं असं. क्लबच्या एक जुन्या सभासद बाई गेल्या वर्षी वारल्या. दातांच्या डॉक्टर होत्या, आणि केस पूर्ण पांढरे झाले तरी रेंजवर येऊन पोटावर झोपून नेम धरायच्या. त्यांच्या मुलानं आईच्या आठवणीखातर महिला विभागाला नवी रायफल द्यायचं ठरवलंय. एकच. अध्यक्षकाकांनी आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं — निवड मी करायची. शिकलेली आहे, माहितीपत्रकं वाचेल, आकड्यांना घाबरत नाही, तिचा शब्द अंतिम. टाळ्या!

टाळ्या वाजवणाऱ्यांत सिस्टरही होत्या. हॉस्पिटलात नर्स आहेत म्हणून सगळा क्लब त्यांना सिस्टर म्हणतो. माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठ्या, उंचीनं माझ्या कानाला लागतात. महिला विभागात नियमानं येणाऱ्या आम्ही दोघीच. बाकीच्या येतात, बंदुकीबरोबर फोटो काढतात, जातात. महिनाअखेरीस विभागीय संघाची निवड चाचणी आहे आणि आमच्या क्लबातून एकच जण जाणार. सिस्टर किंवा मी. जुन्या रायफलीची नळी इतकी झिजलीय की दहाच्या वर्तुळावर नेम धरावा तर गोळी शेजारच्या आठात चहाला जाते. म्हणजे चाचणी द्यायची ती नव्या रायफलीनंच, दोघींनीही.

सर — आमचे कोच — नंतर एवढंच म्हणाले, "आता गंमत आहे तुझी."

गंमत कसली. मी नीट करून दाखवीन. माझं रोजचं कामच ते आहे. वजनमापं कार्यालयात नोकरी करते मी; दुकानादुकानांतले काटे तपासते. ज्या माणसाचं काट्याशी काही देणंघेणं नाही त्यानंच काटा तपासावा, हे मला मान्य आहे. पण देणंघेणं असलेल्या माणसालाही खरं माप घेता आलं पाहिजे. नाहीतर शिकून उपयोग काय?

५ नोव्हेंबर, बुधवार

घरी सांगितलं. बाबा बेकरीतून येऊन जरा लवंडले होते, उठून बसले. त्यांना क्लबचं नवल नाही. "अंतिम शब्द" या दोन शब्दांचं नवल. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. तेव्हापासून घरातला शेवटचा शब्द माझा असतो. फ्रीज कुठला घ्यायचा, आईच्या गुडघ्याचं औषध जेवणाआधी की नंतर, भाऊ शाखा बदलू का विचारतो — सगळं मला. मला फ्रीजमधलं काय कळतं! पण मी सांगते आणि ते ऐकतात. फ्रीज अजून चालू आहे, नशीब.

आत्या म्हणाली, बंदूक बघताना रंग बघून घे बये, काळ्यावर धूळ दिसते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रायफल आली! विक्रेत्यानं पंधरा दिवस वापरून बघायला दिली आहे. नळी आणि यंत्रणा एकच. तिच्याबद्दल वाद नाही. सरांनी ती शेगड्यात, म्हणजे बाकाला जोडलेल्या लोखंडी पकडीत, घट्ट आवळून दहा गोळ्या मारल्या तर कागदावर एकच भोक पडलं, शर्टाच्या बटणाएवढं. माणूस मध्ये नसला की बंदूक किती शहाणी असते.

निवडायचा आहे तो दस्ता. नळीखालचा आणि मागचा तो सगळा भाग, जो खांद्याला, गालाला आणि हाताला लागतो. दोन पाठवलेत. दोन स्क्रू काढले की रायफल एकातून दुसऱ्यात बसते.

पहिला अक्रोडाचा. गडद तपकिरी, रेषा अशा की कुणी विंचरून ठेवल्यात. गालाखालची पट्टी वर-खाली होते, बाकी काही हलत नाही. मागचं टोक मुद्दाम लांब ठेवलेलं असतं — आपल्या मापानं कापून घ्यायचं. एकदा कापलं की कापलं. विक्रेता परत घेणार नाही.

दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा. सिस्टरनी बघताक्षणी त्याचं नाव ठेवलं, सांगाडा. खरंच तसा दिसतो. पण त्याचं सगळं हलतं — लांबी, गालाची उंची, खांद्याला अडकणारा आकडा, मूठ. किल्ली फिरवा आणि तुमच्या अंगासारखा करून घ्या.

दोन्ही झोपून धरून पाहिले. सरांची परीक्षा ठरलेली. नेम धरायचा, डोळे मिटायचे, सावकाश श्वास सोडायचा आणि डोळे उघडायचे. काळं वर्तुळ समोर असेल तर दस्ता तुझा. बाजूला सरकलेलं असेल तर तू हातानं बंदूक ओढून धरली होतीस, आणि ओढून धरलेलं फार वेळ टिकत नाही.

अक्रोडात डोळे उघडले तेव्हा वर्तुळ डावीकडे पळालेलं. पण लाकूड गालाला लागलं की आत काहीतरी शांत होतं, हेही खरं. इथे लिहायला हरकत नाही. अहवालात नाही लिहिता येणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

मापं घेतली. शास्त्रशुद्ध! माहितीपत्रकात दिलंय तसं — कोपर काटकोनात वाकवायचं आणि कोपराच्या वळणापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायचं. ती तुमच्या दस्त्याची लांबी.

ऑफिसातली पोलादी टेप घरी आणली होती. माझं माप सकाळी स्वयंपाकघरात आईनं धरलं. बाही गुंडाळून घेतली, म्हणजे सुरकुतीमुळेही चूक नको. आई म्हणाली, सोनाराकडेसुद्धा इतकं मोजत नाहीत. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेच.

सिस्टरचं दुपारी रेंजवर. त्या नुकत्याच साठ गोळ्या मारून उठल्या होत्या, अंगात ते जाड नेमबाजीचं जाकीट तसंच, घामाघूम. हात वाकवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ब्लाउजही शिवून देणार का?" त्यांचंही तीनदा घेतलं.

दोन मापांत चांगलं अंगठ्याच्या रुंदीहून जास्त अंतर. त्या बुटक्या, मी उंच, अपेक्षितच होतं. म्हणजे अक्रोड बाद. माझ्या मापानं कापला तर त्यांचं बोट घोड्यापर्यंत पोचणार नाही. त्यांच्या मापानं कापला तर मला नाक नळीला टेकवून झोपावं लागेल. पाठीमागे पट्ट्या लावून लांबी वाढवता येते, पण एवढी जाड थप्पी लावली तर दस्ता डुलतो असं सर म्हणाले.

वाईट वाटलं. पण माप बोललं की आपण गप्प बसायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

सांगाड्यावर नेलपॉलिशनं खुणा केल्या. माझ्या पांढऱ्या, सिस्टरच्या लाल. सुंदर दिसतंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अहवाल पूर्ण केला. मुख्य मुद्दा असा — रायफल क्लबची आहे, कुणा एकीची नाही. आज आम्ही दोघी आहोत, उद्या आणखी मुली येतील, कुणी ठेंगणी, कुणी ताडमाड. सगळ्यांना सारखी संधी हवी तर दस्ता प्रत्येकीला आपल्यासारखा करता आला पाहिजे. म्हणून सांगाडा. लिहिताना अंगावर काटा आला. बढाई नाही, पण चांगलं लिहिलंय.

सरांनी उभ्या-उभ्या वाचलं. म्हणाले, भाषण छान आहे. मग म्हणाले, "जे सगळं हलवता येतं ते कधीतरी आपणहूनही हलतं." मी म्हटलं, त्यासाठीच खुणा केल्यात. ते चष्मा पुसत बसले.

सरांचा स्वभावच तसा. त्यांना नवं काही रुचत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सिस्टरशी बोलायला हवं म्हणून थांबले. रेंजबाहेरच्या बाकावर दोघी चहा घेऊन बसलो. या महिन्यातही त्यांची रात्रपाळी आहे. सकाळी सुटतात, घरी जाऊन मुलीचं आवरून देतात, सासूच्या हातचं काहीतरी तोंडात टाकतात आणि मग रेंजवर. म्हणून स्पर्धेत त्यांचं नाव नेहमी दुसऱ्या तुकडीत असतं. मी पहिल्या.

विचारलं, तुम्हाला कुठला आवडला? म्हणाल्या, "माझ्या आवडीला कोण विचारतंय? मॅडम लिहितील तो." हसतच म्हणाल्या. मी म्हटलं, खरंच सांगा. मग म्हणाल्या की त्यांना लाकूड बरं वाटतं. वॉर्डात रात्रभर सगळं स्टीलचं — खाट, ट्रे, ट्रॉली, स्टँड. सगळ्याला किल्ल्या, सगळ्याचे स्क्रू सैल. इथे तरी अंगाला लागेल असं काहीतरी असावं. शिवाय, म्हणाल्या, तुझं झालं की तुझ्या खुणांवरून माझ्या खुणांवर आणायचं, त्यात तयारीची मिनिटं जातात, आणि आणलं तरी पहिल्या गोळ्या कुठेतरीच लागतात.

त्यांना मी खूप समजावलं. सवयीचा प्रश्न आहे, किल्ली हातात बसली की मिनिटभरसुद्धा लागत नाही, मी तुम्हाला सराव करून देईन. तर म्हणाल्या, "बरं बाई. तू शिकलेली आहेस."

आमच्या घरी हे वाक्य ऐकलं की छाती फुगते. आज का कुणास ठाऊक, फुगली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अहवाल मंजूर! समितीत एकानंही प्रश्न विचारला नाही. अध्यक्षकाका म्हणाले, असा अहवाल या क्लबात कुणी लिहिला नव्हता. अक्रोड विक्रेत्याचा माणूस २२ तारखेला दुपारी परत नेणार आणि सांगाड्याची पावती फाडणार. तोवर अक्रोड कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे.

आत्यानं रंग विचारला. करडा, म्हटलं. म्हणाली, चालेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाचशे ब्याऐंशी!

माझी आजवरची सगळ्यात मोठी मजल. क्लबची महिन्याची स्पर्धा होती, झोपून साठ गोळ्या, एकूण सहाशे गुण. पाचशे सत्तरपर्यंत जाऊन माझी गाडी नेहमी अडते. आज अडलीच नाही. डोळे मिटले, श्वास सोडला, उघडले — काळं वर्तुळ जिथल्या तिथे. पुन्हा मिटले, पुन्हा तिथेच. एकदा तर मुद्दाम जास्त वेळ मिटून ठेवले, म्हटलं बघू कुठे जातंय. गेलं नाही. बंदूक धरल्यासारखी वाटत नव्हती, मीच बंदुकीत ठेवलेली होते. मान दुखली नाही. शेवटच्या दहा गोळ्यांना तर मला आपला श्वास ऐकू येत होता.

उठले तेव्हा सरांनी मान हलवली. त्यांची मान हलणं म्हणजे दुसऱ्याचं गळ्यात पडणं.

हे झालं पुराण. आता खरी गोष्ट.

दुसऱ्या तुकडीसाठी सिस्टर आल्या. किल्ली हातात घेऊन दस्त्यावर वाकल्या आणि मग माझ्याकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी विसरणार नाही. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, सगळं आधीच लाल खुणांवर आणून ठेवलंस? माझ्यासाठी?" आणि माझ्या दंडावर हात ठेवला.

मी काहीच आणून ठेवलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी शेवटचा सराव त्यांचा होता. आज सकाळी ऑफिसच्या एका कागदासाठी वाट वाकडी करून आले, उशीर झाला, घाईत जाकीट चढवलं, रायफल उचलली आणि आडवी झाले. पांढरं-लाल बघितलंच नाही. माझी सगळी स्पर्धा मी सिस्टरच्या मापावर खेळले.

मी "हं" म्हटलं. 

त्यांचे पाचशे शहात्तर. अर्ध्यात गालाची पट्टी एकदा खाली घसरली, स्क्रू सैल पडला. पुन्हा आवळून मारलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

योगायोग असणार. एखादा दिवस असा उगवतो. बाबांच्या हातूनही कधीतरी असे पाव उतरतात की तेच बघत राहतात, दुसऱ्या दिवशी त्याच पिठाचे साधे होतात.

माप चुकणं शक्य नाही. तीनदा घेतलंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चुकलं होतं. आणि कळलं कुठे? मिठाईच्या दुकानात.

एका बाईंची तक्रार होती, मिठाई कमी भरते. मी काटा तपासला — चोख. वजनं चोख. दुकानदार हात बांधून उभा, चेहऱ्यावर साळसूदपणा. म्हटलं, माझ्यासमोर एक किलो तोला. त्यानं पुठ्ठ्याचा जाड खोका ठेवला, त्यात मिठाई भरली, काटा किलोवर. खोक्यासकट! मग मी सुरू झाले. काटा खरा असला म्हणून माप खरं होत नाही, कशासकट तोलताय ते बघा, गिऱ्हाईक खोका खाणार आहे का? तो म्हणाला, मॅडम, खोका तर सगळेच धरतात. म्हटलं, सगळे धरतात म्हणून खोका गोड होत नाही. दुकानात लोक हसले. मला फार बरं वाटलं.

नोटीस लिहिता लिहिता हात थांबला. कशासकट.

सिस्टरचं माप मी जाकिटासकट घेतलं होतं. माझं बाही गुंडाळून, उघड्या हातावर. आणि बंदूक काय मी स्वयंपाकघरातल्या कपड्यांवर चालवते? बोटाएवढं जाड कॅनव्हास, खांद्याला रबर, कोपराला आणखी रबर. जाकीट घातलं की तेवढा दस्ता आखूड लागणार. शाळेतल्या मुलानंही विचारलं असतं!

घरी येऊन जाकीट चढवलं, पट्टे आवळले, आईला टेप धरायला लावली. आत्या दारात उभी राहून म्हणाली, या उकाड्यात ही काय चंद्रावर चाललीय? आईनं आकडा वाचला. मी तिला पुन्हा वाचायला लावला. मग आईनं माझ्याकडे बघितलं, टेपेकडे बघितलं आणि विचारलं, "कमी भरलं का गं?" जणू टेपेनंच काही खाल्लं.

सिस्टरच्या आणि माझ्या मापात अंगठ्याएवढं अंतर नाहीच. आहे ते बिस्किटाच्या जाडीएवढं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिस सुटल्यावर रेंजवर कुणी नव्हतं, सर तेवढे आत हिशेब लिहीत बसले होते. लाल खुणेवर मारून पाहिलं. मग पांढऱ्या खुणेवर — मान ताणली गेली, वर्तुळ पळालं. मग लाल खुणेच्या किंचित मागे. तिथे सगळ्यात छान. लाल खूण आणि एक पातळ पट्टी, बस. मी ती पट्टी मागे टेपनं चिकटवून वीस गोळ्या मारल्या. सगळ्या एकमेकींना खेटून.

म्हणजे अक्रोड बाद नव्हता. अक्रोड बाद केला तो माझ्या उघड्या कोपरानं.

सरांना सांगितलं नाही. ते दिवे मालवताना म्हणाले, आज पुष्कळ मिटलेस डोळे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आता कुणालाच काही सांगायला नको, असाही एक मार्ग आहे. शांतपणे मांडून बघते.

सांगाडा मंजूर झालाय. माझं खरं माप मला कळलंय. पांढरी खूण खोडून नवीन केली की झालं. चाचणीत मी पहिल्या तुकडीत. आदल्या संध्याकाळी सावकाश, चहा पीत दस्ता लावून ठेवीन. सिस्टर रात्रपाळी करून येतील आणि माझं झाल्यावर घाईघाईत किल्ल्या फिरवतील, पट्टी घसरेल, आवळतील. कुणी म्हणणार नाही की अन्याय झाला. नियम सगळे पाळलेले, खुणा रंगवलेल्या, अहवालात सारखी संधी हे शब्द दोनदा. आणि ती सारखी संधी अशी बेतलेली की सगळा त्रास दुसऱ्या तुकडीला! हे मी मुद्दाम केलं नव्हतं. पण मुद्दाम केलं असतं तर याहून चांगलं जमलं नसतं.

अक्रोडात हलण्यासारखं काही नाही. सिस्टर येतील, झोपतील, मारतील. त्या मग पाचशे शहात्तरवर थांबणार नाहीत. सरांनाही माहीत आहे, मलाही. शांत हातानं मारल्या तर त्या मला हरवतील. निदान हरवू शकतील.

आज त्या भेटल्या. रविवारचं विसरल्या नव्हत्या. "सासूबाईंना सांगितलं मी," म्हणाल्या. "म्हटलं, एवढी चुरस, आणि पोरीनं बघा, आधी माझी सोय करून ठेवली. त्या म्हणाल्या, चांगल्या घरची दिसते."

मी त्यांना तिथेच सांगितलं की ती सोय नव्हती. विसरले होते मी, घाईत तुमच्याच मापावर मारून आले. त्या मग इतक्या हसल्या की बाकावरचा चहा सांडला. "म्हणजे पाचशे ब्याऐंशी माझ्या घरात राहून काढलेस? भाडं दे मग."

मीही हसले. पण पुढचं — अक्रोडाचं — सांगितलं नाही. सांगितलं तर त्या म्हणतील, राहू दे, तू शिकलेली आहेस, अहवाल झालाय, कशाला उगाच. आणि मी राहू देईन. मला माझी ओळख आहे.

अध्यक्षकाकांना फोन केला. निर्णय बदलायचा तर काय करावं लागेल, नुसतं विचारलं. म्हणाले, समितीपुढे ठेवावं लागेल, बैठक पुढच्या महिन्यात. म्हणजे चाचणी झाल्यावर. मग म्हणाले, "का गं, काही चुकलं का?" त्यांच्या आवाजात इतका विश्वास होता की मी म्हटलं, नाही, सहज.

फोन ठेवल्यावर स्वतःचीच चीड आली. फ्रीज चालू आहे तोवर सगळं ठीक, तसं झालंय माझं. एकदा तरी म्हणता यायला हवं — चुकलं, माप चुकलं, माझं चुकलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या दुपारी अक्रोड जाणार. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, तू काय म्हणतेस? मी म्हटलं, आज तुम्ही सांगा ना. म्हणाले, मला बंदुकीतलं काय कळतंय, आणि भाकरी मोडून ताटात ठेवली. मग आईला म्हणाले की हिला जेवू दे, हिचा चेहरा परीक्षेच्या आदल्या दिवशीसारखा झालाय. झोप येईल असं वाटत नव्हतं. पण आता आडवी झाल्यावर बरं वाटतंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी कपाट उघडलं, अक्रोडाचा दस्ता चादरीत गुंडाळला आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या दुकानात नेला. त्यानं शेगड्यात धरून विचारलं, कुणाच्या मापानं? सिस्टरच्या, म्हटलं, आणि पेन्सिलीनं रेघ ओढून दिली. तो म्हणाला, "थोडं जास्त ठेवू का, हातचं म्हणून?" नको म्हटलं. उंच बाईला पट्टी लावता येते, बुटकीनं काय करायचं? त्यानं करवत लावली. तुकडा खाली पडला. कापलेला दस्ता विक्रेता परत घेत नाही.

त्यानंतर अध्यक्षकाकांना फोन केला.